लिंबूटिंबू राहू नकोस

काल फोन ठेवल्यावर तुझं एकच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. शनिवारी मित्रांकडे 'स्टार फ्लीट बॅटल्स' हा अंतराळातल्या जहाजांच्या लढाईचा पटावरचा खेळ खेळायला बोलावलंय, नियमांचं जाडजूड पुस्तक बघून तू धसकलीस, आणि ते म्हणाले, "तू नुसती बस, काय करायचं ते आम्ही सांगू." हे सांगताना तुझ्या आवाजात केवढा धीर आला होता! मला मात्र राहवेना, म्हणून लिहायला बसले.

मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी लपाछपी खेळताना तुला आम्ही लिंबूटिंबू करायचो, आठवतं? तुझ्यावर राज्य कधी यायचं नाही. सापडलीस तरी कोणी मोजायचं नाही. आणि तू दर वेळी रडत आईकडे जायचीस. हिला तर सगळं माफ आहे, मग ही रडते कशाला, असं आम्हाला वाटायचं. त्या रडण्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. इथे टेक्ससमध्ये, याच खेळाच्या टेबलावर.

मी पहिल्यांदा खेळले तेव्हा मलाही असेच प्रेमळ मित्र भेटले. फेडरेशनची हेवी क्रूझर माझ्याकडे दिली. शेजारी बसलेल्या मित्राने प्रत्येक टर्नला माझा ऊर्जेचा तक्ता भरला, इथून वळ, आता टॉर्पेडो सोड, असं सांगत गेला. मी फक्त फासे टाकले. समोरचं जहाज फुटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी घरी आले ती रिकामीच. जिंकले होते, पण खेळले नव्हते. त्या रात्री मला तुझं रडणं आठवलं.

ऊर्जेच्या तक्त्याला मी एवढं महत्त्व का देते ते सांगते, कारण हा खेळ उभा आहे तो त्या एका कागदावर. समज, तुझ्याकडे तीच क्रूझर आली. तिची दोन वार्प इंजिनं मिळून 30 एकक ऊर्जा देतात. पटावर एक षट्कोनी घर पुढे जायला एक एकक लागतं, म्हणजे 16 चा वेग धरलास की 16 गेले. चार फोटॉन टॉर्पेडो आहेत. एकेक भरायला या टर्नला 2 आणि पुढच्या टर्नला 2. चारांचे या टर्नचे झाले 8. फेझर नावाच्या सहा शस्त्रांना प्रत्येकी 1, म्हणजे 6. झाले 30! शील्ड, जीवरक्षक यंत्रणा, नेम धरायची यंत्रणा हा रोजचा घरखर्च इम्पल्स इंजिनांच्या तुटपुंज्या कमाईतून भागवायचा. आता तुला वेग वाढवायचाय? मग कुठला टॉर्पेडो उपाशी ठेवशील ते ठरव. आईचा महिन्याचा जमाखर्च आपण बघितलाय ना गं, अगदी तसंच. आणि हे सगळं टर्न सुरू होण्याआधी, गुपचूप, समोरचा काय करणार हे माहीत नसताना लिहून ठेवायचं. तो कागद दुसऱ्याने भरला तर तुझ्यासाठी उरतं काय? फासे हलवणं.

दुसऱ्या वेळी मी शेजारच्या मित्राला म्हटलं, आज माझा तक्ता मी भरते. त्याला जरा लागलं, पण तो गप्प बसला. समोर होतं क्लिंगॉनचं डी-7 जहाज. एका टर्नचे 32 छोटे भाग असतात, त्यांनाही इम्पल्सच म्हणतात, आणि 16 च्या वेगाचं जहाज दर दुसऱ्या इम्पल्सला एक घर सरकतं. दोन्ही जहाजं एकमेकांकडे सरकत होती. माझे चारही टॉर्पेडो दोन टर्न राबून भरलेले. अंतर 12 घरांवर आलं आणि मला धीर धरवेना. सोडले. त्या अंतरावर फाशावर 1 किंवा 2 पडला तरच नेम लागतो. 4, 6, 2, 5. एकच लागला, 8 चं नुकसान. समोरच्याने आपल्या पुढच्या शील्डचे आठ चौकोन पेन्सिलीने शांतपणे खोडले. शील्ड उभंच होतं. माझ्या नळ्या मात्र रिकाम्या, परत भरायला दोन टर्न. त्याची डिसरप्टर नावाची शस्त्रं दर टर्नला सुटत होती, आणि तो दूर राहून मला टोचत राहिला. मी हरले.

घरी जाताना गाडीत मात्र मनात सारखा हिशेब चालू होता. आणखी चार घरं थांबले असते तर? 8 घरांवर 3 पडला तरी चालतो, म्हणजे निम्मे टॉर्पेडो लागायची आशा. जास्त ऊर्जा घालून ते ओव्हरलोड केले असते तर एकेकाचा मार 8 चा 16 झाला असता, फक्त त्यासाठी 8 घरांच्या आतच जावं लागतं. ती चूक माझी होती, बाळा, दुसऱ्या कोणाची नव्हती. म्हणूनच ती माझ्या कामाला आली. पहिल्या दिवशीच्या विजयातलं मला आज फारसं काही आठवत नाही, या हरण्यातला प्रत्येक फासा आठवतो.

आता तू म्हणशील, ताई, सगळं खरं, पण ते पुस्तक? पुस्तकाला घाबरू नकोस. हा खेळ 1979 साली निघाला तेव्हा झिपच्या पिशवीत मावत होता. इथल्याच ॲमरिलो गावच्या स्टीव्हन कोल यांनी तो रचला. नंतर नवी जहाजं, नवे वंश, नवी शस्त्रं येत गेली आणि नियम साठत गेले. सगळे नियम एका खेळात लागत नाहीत. नवख्यांसाठी कॅडेटचं एक वेगळं पुस्तक आहे, त्यात थोड्या नियमांवर छोट्या लढाया खेळत पुढे जाता येतं. शनिवारच्या आधी तेवढं चाळ. मित्रांनाही सांग, पहिली लढाई त्यातलीच घेऊ. तरीही जड वाटलं तर 2005 साली आलेलं 'फेडरेशन कमांडर' आहेच. त्यात टर्नचे 8 इम्पल्स, आणि सगळी ऊर्जा आधीच वाटून टाकावी लागत नाही, लागेल तशी खर्च करता येते. तिथून सुरुवात करण्यात कसलाही कमीपणा नाही.

त्याशिवाय तुझ्या जहाजाचा तक्ता, ज्यावर शील्डचे आणि यंत्रांचे चौकोन छापलेले असतात तो, आधी मागून घे. तीनच गोष्टी पाठ कर. ऊर्जा किती, कोणतं शस्त्र किती घरांपर्यंत कामाचं, आणि कोणत्या वेगाला किती घरं सरळ गेल्यावर वळता येतं. बाकीचं खेळता खेळता कळतं. तो कागद पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये घाल. चिवड्याचे हात लागले की त्याची रया जाते.

आणि मदत घ्यायचीच नाही असं मी म्हणत नाही. मदत कशी मागायची ते मात्र शिकून घे. "मी काय करू?" असं विचारलंस की पेन्सिल दुसऱ्याच्या हातात गेली म्हणून समज. "मी असं केलं तर काय होईल?" असं विचार. पहिल्या प्रश्नाला हुकूम मिळतो, दुसऱ्याला माहिती. कोणी फारच आग्रहाने सांगायला लागलं तर हसून म्हण, "थांब, एक मिनिट मला विचार करू दे." टेबलावर तू एकटीच मुलगी असशील तर हे वाक्य तुला जास्त वेळा लागेल, हे मी अनुभवाने सांगते. मित्र वाईट नसतात. त्यांना वाटतं, ही कंटाळेल, परत येणार नाही. त्यांना दिसू दे की विचार करण्यातच तुला मजा येतेय.

मैत्री सांभाळायच्याही दोन गोष्टी सांगते. उठायची वेळ आधी ठरवा. दोन जहाजांची झुंज एका संध्याकाळी होते, ताफे उतरवलेत तर रात्र पुरत नाही, आणि पेंगुळलेल्या माणसांची भांडणं लवकर होतात. नियमावरून वाद झाला तर पाच मिनिटं पुस्तकात शोधा, सापडला नाही तर फासा टाकून पुढे चला, खरा नियम दुसऱ्या दिवशी वाचा. आमच्या गटात हे पाळलं नव्हतं तेव्हा एका शील्डच्या वादापायी दोन जिवलग मित्र कितीतरी दिवस बोलत नव्हते. जहाज पुठ्ठ्याचं होतं गं, मैत्री खरी होती.

पुढे कधी तुझ्या शेजारी एखादी नवखी मुलगी बसेल. ती टॉर्पेडो चुकीच्या अंतरावरून सोडायला निघेल, आणि तुझ्या जिभेवर शब्द येईल. तेव्हा फक्त त्या अंतराला कितीवर नेम लागतो ते सांग, आणि गप्प बस. तिची चूक तिला करू दे. आम्ही तुझ्यावर राज्य येऊ दिलं असतं, तर तू रडली नसतीस.

तर शनिवारी तक्ता समोर आला की पेन्सिल तुझ्याच हातात असू दे. रविवारी मला फोन कर. जिंकलीस की हरलीस ते मागाहून सांग. आधी सांग, वेग किती धरला होतास, आणि का.

तुझी ताई