आत्मविश्वासाची सुरुवात शरीरापासून

शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, अशा अर्थाचे एक संस्कृत वाक्य पुष्कळ व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवलेले असते. ते कालिदासाच्या ‘कुमारसंभव’ या महाकाव्याच्या पाचव्या सर्गातले आहे. मात्र ते कोण, कोणाला आणि केव्हा म्हणतो, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पार्वती कठोर तप करीत आहे. बटूच्या वेषात आलेले शिव तिची विचारपूस करतात: समिधा आणि दर्भ सहज मिळतात ना? स्नानायोग्य पाणी आहे ना? आणि तप आपल्या शक्तीनुसारच चालले आहे ना? या शेवटच्या प्रश्नाला जोडून ते वाक्य येते. भिंतीवर रंगवताना हा ‘शक्तीनुसार’ शब्द बाहेर राहून जातो. आपल्या आजच्या विषयात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

आत्मविश्वास वाढवा, असे आपल्याला सगळेच सांगतात. तो वाढवायचा कसा, हे कोणी नीट सांगत नाही. आरशासमोर उभे राहून ‘मी समर्थ आहे’ असे दहा वेळा म्हटले, तरी मन आतून विचारतेच की पुरावा काय? मी वाणिज्य शाखेत शिकत असल्यामुळे मला हे हिशेबाच्या भाषेत लवकर कळते. व्हाउचर नसलेली नोंद लेखापरीक्षक मान्य करीत नाही. मनही तसेच आहे. त्याला दाखला लागतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये ‘हे काम मला जमेल’ या विश्वासाविषयी एक सिद्धान्त मांडला. हा विश्वास चार ठिकाणांहून येतो, असे त्यांनी सांगितले: स्वतः काही करून दाखविल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर, आणि स्वतःच्या शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यांत सर्वांत बळकट आहे तो पहिला. सापाची कमालीची भीती असलेल्या लोकांबरोबर त्यांनी काम केले होते. आधी साप दुरून पाहायचा, मग त्याच खोलीत जायचे, मग हातमोजे घालून स्पर्श करायचा, अशा पायऱ्यांनी ती माणसे पुढे गेली. कोणीही पहिल्याच दिवशी साप हातात दिला नाही. म्हणजे इथेही शक्तीनुसार.

आता व्यायामाकडे पाहा. स्वतः केलेल्याचा पुरावा इतक्या लवकर आणि इतका स्पष्ट देणारे दुसरे क्षेत्र सहसा सापडत नाही. अभ्यासाचे फळ परीक्षेनंतर दिसते, स्वभावातला बदल तर वर्षानुवर्षे दिसत नाही. पण मागच्या महिन्यात तीन सूर्यनमस्कारांत धाप लागत होती आणि आज आठ शांतपणे झाले, हे कोणाला विचारावे लागत नाही. आकडा समोर असतो. त्यात कोणाची शिफारस नाही की कोणाची मेहरबानी नाही.

चौथा मुद्दा मला विशेष वाटतो, कारण त्याविषयी फार कमी बोलले जाते. व्यासपीठावर बोलायला किंवा मुलाखतीला जाताना तुमच्या छातीत धडधडते, तळहातांना घाम येतो, श्वास वर चढतो. ज्याला शरीराचा फारसा परिचय नाही, तो या खुणा पाहून ठरवून टाकतो की आपण घाबरलो, आता काही खरे नाही. त्या विचाराने धडधड आणखी वाढते. पण जो रोज धावतो किंवा भराभर जिने चढतो, त्याला ही धडधड ओळखीची असते. ती वाढते, थोड्या वेळाने उतरते आणि तिने आपले काही बिघडत नाही, हे त्याच्या शरीराने कितीतरी वेळा अनुभवलेले असते. भीती त्यालाही वाटते, पण भीतीच्या खुणांची भीती वाटत नाही. पुढच्या वेळी भाषणापूर्वी छाती धडधडू लागली, तर स्वतःला एवढेच सांगून पाहा की हे हृदय कामाला लागले आहे. श्वास सोडताना तो थोडा लांबवा.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण आपल्या घरांत नेहमी सांगितले जाते. मॅट्रिकनंतर ते डेक्कन कॉलेजात आले तेव्हा प्रकृतीने किरकोळ होते. पहिले वर्ष त्यांनी जवळजवळ पूर्णपणे शरीर कमावण्यात घालविले. कुस्ती, पोहणे यांत दिवस गेले आणि परीक्षेचे ते वर्ष हातचे गेले. पुढे गणित घेऊन ते बी.ए.ला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. (परीक्षा बुडविण्यासाठी कृपया हा दाखला घरी देऊ नका. आई-बाबा दुसरे वाक्यही वाचतात.) 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा ते 52 वर्षांचे होण्याच्या बेतात होते आणि मधुमेहाने त्रस्त होते. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले. याचे सगळे श्रेय तरुणपणीच्या व्यायामाला देणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे त्यांची बुद्धी होती, ध्येय होते. पण आपला देह आपण घडवू शकतो हे ज्याने विशीच्या आत स्वतःवर प्रयोग करून पाहिले, त्याच्या मनाचा पाया काही वेगळाच असणार, असे मला वाटते.

इथे एक सावधगिरी हवी. सुदृढ असणे आणि तसे दिसणे यांत फरक आहे. मोबाइलवर दिसणाऱ्या पिळदार शरीरांशी तुलना करून जो व्यायाम सुरू होतो, तो बहुधा आत्मविश्वास कमीच करतो, कारण मोजण्याची पट्टी दुसऱ्याच्या हातात असते. दंड किती इंच झाले यापेक्षा, बसस्थानकापासून घरापर्यंत पिशवी न थांबता आणता आली का, हे विचारा. उत्तर तुमचे तुम्हालाच देता येईल.

अंगकाठी बारीक आहे, वजन जास्त आहे, लोक हसतील म्हणून मैदानावर जात नाही, असे अनेकजण म्हणतात. मुलींना तर लोकांच्या नजरांचा त्रास खराच असतो. त्यांनी मैदानापासून सुरुवात करण्याची गरज नाही. एक सतरंजी पसरण्याएवढी जागा घरात असली की सूर्यनमस्कार होतात. शक्य असेल तर एखादी मैत्रीण किंवा वहिनी सोबत घ्या. आपल्यासारखीच दुसरी करते आहे हे दिसले की जमेल असे वाटू लागते. बांडुरा यांचा दुसरा मुद्दा हाच होता.

घरातल्या ज्येष्ठांचाही विचार करा. आजी एकदा पाय घसरून पडली की तिचे बाहेर जाणे कमी होते. चालणे कमी झाले की पाय अशक्त होतात, तोल जातो आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. आपण मात्र काळजीपोटी ‘बसून राहा, मी आणून देतो’ म्हणतो आणि ते चक्र घट्ट करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद वाढविणारे व्यायाम सुचविले आहेत. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे, हा त्यातलाच एक साधा प्रकार. डॉक्टरांना विचारून दिवसातून पाच वेळा सुरू करावा. सुरुवातीला आपण शेजारी उभे राहावे. हात न टेकता उठता आले त्या दिवशी आजीचा चेहरा पाहण्यासारखा असतो. मग ती स्वतःच म्हणते की चला, देवळापर्यंत जाऊन येऊ.

प्रौढांसाठी त्याच मार्गदर्शनात आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितला आहे. आकडा ऐकून दडपण येऊ देऊ नका. अजिबात न करण्यापेक्षा थोडे केलेले चांगले, हेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. दहा मिनिटे भराभर चालण्यापासून किंवा तीन सूर्यनमस्कारांपासून आरंभ करा. रक्तदाब, हर्निया, पाठीचे दुखणे असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

एक छोटी वही ठेवा. त्यात तारीख आणि संख्या, एवढेच लिहा. आठवड्याला एकच नमस्कार वाढवा, जोश आला तरी दोन नको. आजारपण, परीक्षा, प्रवास यांमुळे काही दिवस सुटतील, त्या रकान्यात सरळ शून्य लिहा. परत सुरू करताना जिथे सोडले तो आकडा गाठण्याची घाई करू नका, दोन-तीन पायऱ्या खालून सुरुवात करा. महिनाअखेरीस वहीचे पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून पाहा.