हिट-ऑर-मिस : कुठे चालते, कुठे नाही?

प्रश्न : मुलीने निबंधात ‘माय रिझल्ट इज हिट-ऑर-मिस’ असे लिहिले. बाईंनी ते खोडले. यात चूक काय?

उत्तर : बाईंचे बरोबर आहे. हे विशेषण एखाद्याच निकालाला लावत नाहीत. जी गोष्ट वारंवार घडते आणि कधी जमते, कधी फसते, तिच्यासाठी ते आहे. ‘द बस सर्व्हिस हिअर इज हिट-ऑर-मिस’ म्हणजे इथली बस कधी वेळेवर येते, कधी येतच नाही. सगळा बेभरवशाचा कारभार. निकाल अजून लागायचा असेल तर सरळ ‘अनसर्टन’ लिहावे. रुग्ण अत्यवस्थ असेल, वाचेल की नाही सांगता येत नसेल, तर ‘टच-अँड-गो’. तिथे हिट-ऑर-मिस म्हटले तर ऐकणाऱ्याला फार लागेल.

दुसरी छटा पद्धतीची. आखणी न करता, अंदाजपंचे दाहोदरसे केलेले काम म्हणजे ‘अ हिट-ऑर-मिस अप्रोच’. यात स्पष्ट टीका आहे, म्हणून कार्यालयीन ईमेलमध्ये कुणाच्या कामाबद्दल हा शब्द जपूनच वापरा. ब्रिटिश लेखनात ‘हिट-अँड-मिस’ अधिक दिसते, अर्थ तोच. नामाआधी आले तर मधली संयोगचिन्हे मात्र गाळू नका.