करपलेल्या दुधाचा वास

"डॉक्टर, गॅस बंद असतो, तरी दूध करपल्याचा वास येतो." हे सांगताना बाई ओशाळल्या होत्या. सायनस समजून घरी महिनाभर वाफारे घेऊन झाले होते. मी सोबतच्या मुलीला विचारलं, वास येतो तेव्हा आई कशी दिसते? "एकटक बघत बसते. ओठ चाटते, पदराशी चाळा करते. हाक मारली तर ओ देत नाही. मग एकदम विचारते, मी काय सांगत होते गं?" निम्मं निदान त्या मुलीनंच केलं.

ही फिटच. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला तरच फिट, असं नसतं. वास ओळखणारा मेंदूचा भाग कानशिलाच्या आत, आठवणी आणि भीतीच्या केंद्रांना खेटून असतो. तिथल्या पेशींनी भलतेच विद्युतसंदेश सोडले की बाहेर काही नसताना वास येतो, आणि तो बहुधा जळका किंवा कुजका असतो. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी अशा झटक्यांचं वर्णन केलं. त्यांची एक रुग्ण स्वयंपाकीणच होती. मृत्यूनंतर तिच्या मेंदूत गाठ सापडली. घाबरू नका, प्रत्येक वेळी गाठ नसते. सर्दी, सायनस, मायग्रेन, कोविड यांनीही वास बिघडतो. पण तोच वास अचानक, थोडाच वेळ आणि पुन्हापुन्हा येत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ईईजी आणि एमआरआय करावा लागेल. झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढता आला तर फार उत्तम.

आता चपलेविषयी. फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल किंवा कांदा लावायची घाई अजून होते. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपणच थांबते, श्रेय मात्र चपलेला जातं. त्यापेक्षा माणसाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही तर थेट हॉस्पिटल.

आणि कापूर. हंगेरीच्या मेदुना या डॉक्टरांनी १९३४ साली मनोरुग्णांना मुद्दाम फिट आणायला कापूरच टोचला होता. सर्दी झालेल्या तान्ह्याला तो चोळू नका. लहान मुलानं वडी खाल्ली तर फिट येऊ शकते. देवघरातली कापराची डबी आजच वरच्या फळीवर ठेवा.