विशेष शिक्षक : गरज मोठी, वाट मोकळी

दिव्यांग मुलांना शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतलेला आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला शिक्षक म्हणजे विशेष शिक्षक. अंध मुलाला ब्रेल लिपी, कर्णबधिर मुलाला भाषा, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला पैशांचा हिशेब आणि अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला अक्षर व ध्वनी यांची सांगड शिकवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. त्या प्रशिक्षणाशिवाय येत नाहीत. बारावीनंतर बहुसंख्य घरांत चर्चा होते ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, वैद्यकीय आणि स्पर्धा परीक्षांची. त्या वाटांची माहिती गल्लोगल्ली मिळते. या वाटेची मिळत नाही, आणि शिक्षकांचा तुटवडा मात्र इथेच आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यात आल्या. समावेशित शिक्षण देणे शाळांचे कर्तव्य ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्रमाण निश्चित केले: प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे १ आणि उच्च प्राथमिक स्तरावर १५ मागे १ विशेष शिक्षक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पदे अधिसूचित करण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या एकेका गटासाठी, ४,८६० पदांना मंजुरी दिली. तरीही दहा-बारा शाळांच्या केंद्राला एक शिक्षक म्हटला, की एका शाळेच्या वाट्याला महिन्यातून जेमतेम दोन दिवस येतात. दोन दिवसांत वाचन शिकवून होत नाही.

या तुटवड्याची किंमत आधी मूल मोजते. पहिली-दुसरीत ओळखता येणारी अध्ययन अक्षमता कोणाच्या लक्षात येत नाही. मुलाला ‘आळशी’, ‘मठ्ठ’ म्हटले जाते. नववीत धावपळ करून प्रमाणपत्र मिळवले जाते, दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. पण वाचायला शिकायची वर्षे निघून गेलेली असतात. सवलत हा शिकवण्याला पर्याय नाही. कर्णबधिर मुलाला लहानपणी सांकेतिक किंवा बोली, कोणतीच भाषा नीट मिळाली नाही, तर पुढचे सगळे शिक्षण अडते.

मग किंमत घर मोजते. शाळा मूल सांभाळू शकत नाही म्हणून बहुतेक वेळा आई नोकरी सोडते. शहरात खासगी थेरपीचा खर्च झेपणारी कुटुंबे तग धरतात. तालुक्याच्या गावी तोही मार्ग नसतो. शेवटी समाज मोजतो. स्वतःच्या पायावर उभा राहू शकला असता असा तरुण आयुष्यभर परावलंबी राहतो, आणि वर्गमित्रांना दिव्यांग मुलांसोबत वाढण्याची सवयच लागत नाही.

या क्षेत्रात माणसे न येण्यामागे कंत्राटी नेमणुका आणि अनेक ठिकाणचे तुटपुंजे मानधन ही खरी कारणे आहेत. ती लपवण्यात अर्थ नाही. पण पालकांचा अडसर त्याहून कमी नाही. मुलगी हे शिक्षण घ्यायचे म्हणते, तेव्हा ‘ही समाजसेवा आहे, करिअर नव्हे’ असे ऐकवले जाते. हे साफ चूक आहे. हा कायद्याने आवश्यक ठरवलेला, नोंदणीकृत व्यवसाय आहे. गणितात रस नसलेल्या मुलाला कर्ज काढून इंजिनिअरिंगला ढकलणारे पालक सुरक्षितता विकत घेत नाहीत. ते मुलाची चार वर्षे पणाला लावतात. उलट, दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून मुलाला इथे पाठवणेही तितकेच घातक. चिकाटी नसलेला शिक्षक अशा मुलांचे नुकसान करतो.

बारावीनंतर विशेष शिक्षणातील डी.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात दृष्टी, श्रवण, बौद्धिक व विकासात्मक अक्षमता अशा शाखा असतात आणि प्रात्यक्षिकावर मोठा भर असतो. पुढच्या स्तरावर विशेष शिक्षणातील बी.एड. आहे. त्याचे स्वरूप सध्या बदलत असल्याने प्रवेशाआधी पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहणे अनिवार्य समजावे. अशा संस्थांपैकी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवण अक्षमतेच्या क्षेत्रात काम करते. सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था बौद्धिक अक्षमतेच्या.

काही आठवड्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन विशेष शिक्षक होता येत नाही. परिषदेची मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमावर नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्यानुसार गुन्हा आहे. सरकारी शाळेत शिकवायचे असेल, तर शिक्षक पात्रता परीक्षेची अटही तपासून घ्यावी.

फी भरण्याआधी विद्यार्थ्याने एखाद्या विशेष शाळेत परवानगी घेऊन काही दिवस काम पाहावे. एकच कृती शंभरदा शिकवण्याची तयारी, पालकांशी स्पष्ट बोलण्याचे धैर्य आणि लहानशी प्रगती नोंदवून ठेवण्याची शिस्त स्वतःत आहे का, हे तिथे कळते. असेल तर पालकांनी आडवे येऊ नये. नसेल तर विद्यार्थ्याने दुसरी वाट धरावी.