अंगणाचे लोखंडी फाटक : घडण आणि शोभा

सोयाबीन बाजारात गेले, कापसाची पहिली वेचणी घरात आली की बुलढाणा जिल्ह्यातील गावोगावी घराच्या डागडुजीला हात घातला जातो. भिंती सारवल्या वा रंगविल्या जातात, गोठ्यावरचे पत्रे बदलले जातात आणि बांबूच्या जुन्या कवाडीच्या जागी लोखंडी फाटक बसविण्याचा विचार सुरू होतो. ट्रॅक्टर अंगणात यावा, मोकाट गुरे बाहेर राहावीत आणि दाराला शोभाही यावी, अशी ही तिहेरी अपेक्षा असते. वेल्डिंगचे यंत्र आता अनेक शेतकऱ्यांच्या घरी पोचले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून संधात्याचा, म्हणजे वेल्डरचा, एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगाही बहुतेक मोठ्या गावांत सापडतो. त्यामुळे तयार फाटक विकत आणण्याऐवजी ते अंगणातच घडविणे सहज शक्य झाले आहे.

मात्र दोन-तीन पावसाळे उलटले की यातील पुष्कळ फाटके जमिनीला टेकतात. झडप उचलून सरकवावी लागते, कडी कोयंड्यात बसत नाही आणि शेवटी फाटक कायमचे उघडे ठेवून त्याला दगड लावला जातो. फाटक पाहताना नजर नक्षीवर जाते. ते टिकते मात्र चौकटीच्या, खांबाच्या आणि खांबाखालच्या मातीच्या बळावर. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात तर हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. जड फाटक अंगावर कोसळून लहान मुले दगावल्याच्या बातम्या वृत्तपत्रांतून अधूनमधून येत असतात. म्हणून घरमालकाइतकेच मुख्याध्यापक आणि सरपंच यांनीही फाटकाचे हे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

माती आधी पाहावी

जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग लोकव्यवहारात पडलेले आहेत. फाटकाच्या दृष्टीनेही ही विभागणी उपयोगी आहे. चिखली, मेहकर, बुलढाणा या घाटावरच्या तालुक्यांत अनेक ठिकाणी थोडे खणताच मुरूम लागतो. मुरमात रोवलेला खांब सहसा हलत नाही. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांत खोल काळ्या मातीचे मोठे क्षेत्र आहे. कापसाला मानवणारी ही माती बांधकामाला मात्र फार त्रासाची. तिच्यातील चिकणमातीचे कण पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. वैशाखात शेताला पडणाऱ्या भेगांत हात जातो, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले आहे. दीड-दोन फुटांच्या खड्ड्यात उभा केलेला खांब या हालचालीबरोबर दरवर्षी थोडा उचलला जातो आणि थोडा कलतो. खांब अंशभर कलला तरी झडपेचे टोक दोन-तीन सेंटिमीटर खाली येते.

अशा जमिनीतील घरांसाठी रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या खांबपायाची पद्धत विकसित केली. फाटकासाठी एवढा खर्च करण्याची गरज नाही. त्यामागचे तत्त्व मात्र घेता येते. खड्डा निदान १.२ मीटर, म्हणजे चार फूट, खोल असावा आणि वरपेक्षा तळाशी रुंद असावा. तळाला मुरूम धुम्मस करून त्यावर काँक्रीट भरावे. वरच्या भागात काँक्रीटची बाजू गुळगुळीत ठेवावी, म्हणजे फुगणाऱ्या मातीला पकड मिळत नाही. दोन्ही खांबांचे पाये जमिनीखाली सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या पट्ट्याने जोडावेत आणि त्या पट्ट्याखाली वाळूचा थर द्यावा. यामुळे खांब हललेच तर दोन्ही बरोबर हलतात आणि त्यांच्यातील अंतर बदलत नाही. याला लागणारे सिमेंट नक्षीच्या खर्चापेक्षा महाग पडत नाही. पण ते दिसत नाही, म्हणून नेमके तेच वाचविले जाते.

पूर्णाकाठचा खारपाण पट्टा ही दुसरी अडचण. तेथील विहिरीचे वा कूपनलिकेचे खारे पाणी काँक्रीटमध्ये कालविले तर आतील लोखंड लवकर गंजते. काँक्रीटसाठी पिण्यायोग्य पाणी सर्वसाधारणपणे योग्य, हा भारतीय मानक ४५६ : २००० मधील निकष येथे काटेकोरपणे पाळावा. लोखंडी खांब सर्वांत आधी गंजतो तो जमिनीच्या रेषेवर, कारण तेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. काँक्रीट जमिनीच्या वर १० सेंटिमीटर आणून त्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचत नाही. पाये भरल्यावर निदान दहा दिवस पाणी मारून मगच झडपा टांगाव्यात. मुहूर्त साधण्यासाठी तिसऱ्या दिवशी टांगलेल्या फाटकाने ओल्या काँक्रीटमधील खांब कायमचा कलतो.

खांब विटांचा बांधावयाचा असल्यास बिजागरी विटांच्या सांध्यात नुसती ठोकून चालत नाही. पायापासून वरपर्यंत अखंड जाणारा अँगल खांबाच्या पोटात घ्यावा आणि बिजागरीची पाती त्याला जोडावी.

रुंदीचे गणित

ट्रॅक्टर व ट्रॉली वळवून आत घेण्यासाठी १२ फूट, म्हणजे सुमारे ३.६ मीटर, रुंदी सोयीची असते. ती दोन झडपांत विभागावी. प्रत्येक झडप १.७५ मीटर रुंद व १.५ मीटर उंच घेतली की दोन्ही खांबांकडे साडेतीन आणि मध्ये तीन सेंटिमीटर मोकळी जागा उरते.

अशा एका झडपेचे वजन आधीच काढता येते. ४० मिलिमीटर चौकोनी व ३ मिलिमीटर जाडीच्या पोकळ नळीची चौकट, मधल्या आडव्या दांड्यासह, सुमारे २८ किलो भरते. १२ मिलिमीटरच्या चौकोनी गजाचे वजन मीटरला १.१३ किलो असते. असे १५ गज २४ किलो होतात. नक्षीच्या पट्ट्या व तिरपा ताण यांचे १० किलो धरले तर एकूण ६२ किलो. हे सर्व वजन झडपेच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून सुमारे ८८ सेंटिमीटरवर, लोंबते. दोन बिजागऱ्यांत १.२ मीटर अंतर ठेवल्यास वरची बिजागरी सुमारे ४५ किलो जोराने खांबापासून बाहेर ओढली जाते.

आता हेच फाटक एकाच झडपेचे केले तर काय होते? वजन दुप्पट होते, तरफही दुप्पट होते आणि वरच्या बिजागरीवरील ओढ चौपट होऊन १८० किलोवर जाते. एकसंध रुंद फाटक दिसायला रुबाबदार असते, परंतु गावातील बहुतेक खांबांना हा रुबाब पेलत नाही. त्यातच २५ किलो वजनाचा मुलगा लहान झडपेच्या टोकाला लोंबकळून झोके घेऊ लागला तर ४५ किलोत आणखी ३६ किलोंची भर पडते. मुले फाटकावर झोके घेणारच. तेव्हा खांब त्या हिशेबानेच उभा करावा.

गजांऐवजी सरसकट पत्रा ठोकण्याची पद्धतही अलीकडे वाढली आहे. दीड मिलिमीटरहून थोडा जाड पत्रा घेतला तर झडपेचे वजन आठ-दहा किलोंनी वाढते. खरा धोका मात्र वाऱ्याचा असतो. वळवाच्या वादळात वारा ताशी १०० किलोमीटरने वाहू लागला की या आकाराच्या एका पत्र्याच्या झडपेवर सुमारे १२५ किलोचा दाब येतो. गजांच्या झडपेतून बहुतेक वारा निघून जातो. आडोसा हवाच असेल तर पत्रा खालच्या अर्ध्या भागापुरता ठेवावा.

नक्षीला काम द्यावे

बारा बलुतेदारांत लोहाराचे स्थान पक्के होते आणि भाता व ऐरण घेऊन गावोगाव फिरणारे घिसाडीही महाराष्ट्राला परिचित आहेत. वेल्डिंग येण्यापूर्वी या कारागिरांना दोन लोखंडी तुकडे जोडायचे म्हणजे भोक पाडून रिव्हेट ठोकावा लागे, लाल तापलेली पट्टी दोहोंभोवती गुंडाळावी लागे किंवा भट्टीत दोन्ही टोके पांढरी होईतो तापवून घणाखाली एकजीव करावी लागत. जोड कष्टाचा असल्यामुळे निरुपयोगी वळण कोणी घालत नसे. आता टाका मारणे सोपे झाले आहे, आणि बाजारातील ओतीव फुले व भाले वाटेल तेथे चिकटविले जातात. त्यांनी वजन वाढते, पावसाचे पाणी अडते, आणि गंजाची सुरुवात तेथूनच होते.

झडपेचा शत्रू एकच : चौकोनाचा तिरका होणे. त्याला अडविणारा तिरपा ताण वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून खालच्या मोकळ्या कोपऱ्यापर्यंत न्यावा. पातळ पट्टी ताणली असता बळकट असते, दाबली असता वाकते; म्हणून दिशा उलटी झाली तर पट्टीचा उपयोग होत नाही. हाच ताण नक्षीचा कणा मानावा. त्याच्या दोन्ही बाजूंनी वेलीची वळणे फुटू द्यावीत आणि प्रत्येक वळण ताणाला व गजाला जोडावे. दोन्ही झडपा मिटल्या की मध्ये खाली निमुळती होत गेलेली आकृती उमटते आणि तिच्यात कोयरी, कमळ किंवा कापसाचे उमललेले बोंड सहज बसविता येते. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे कोरीव काम जिल्ह्यातच आहे. चित्रकलेच्या शिक्षकांनी मुलांकडून तेथील आकृती उतरवून घेतल्या तर शाळेच्या फाटकाला बाहेरून नमुना आणावा लागणार नाही.

वळणांसाठी फर्मा करावा लागतो. जाड पत्र्यावर पट्टी गोलाकार वळवून पक्की करावी आणि तिच्याभोवती २० गुणिले ५ मिलिमीटरची पट्टी थंडच वळवावी. तोच फर्मा वापरल्याने सर्व वळणे सारखी येतात. टोकाची घट्ट गुंडाळी तेवढी भट्टीत तापवून हातोडीने करावी. हे काम गावच्या लोहाराकडे द्यावे. ज्या सहजतेने तो टोक निमुळते करतो ती यंत्राला साधत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे आणि तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य व सवलतीच्या व्याजाचे कर्ज यांची तरतूद करण्यात आली. या योजनेची पात्रता गावातील लोहारांना समजावून सांगणे पंचायत सदस्यांना कठीण नाही.

गजांमधील मोकळी जागा १० सेंटिमीटरहून कमी असावी, म्हणजे लहान मुलाचे डोके अडकत नाही. वर सांगितलेल्या १५ गजांत ती सव्वानऊ सेंटिमीटर येते. भाल्यांची टोके शाळेच्या फाटकावर नसावीतच.

जोडकाम

फाटकाचा पूर्ण आकार सपाट फरशीवर खडूने काढावा व चौकट त्यावरच मांडावी. प्रथम चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारून दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते समान आले तरच चौकोन गुण्यात आहे. सांधे एका टोकाकडून ओळीने भरत गेल्यास उष्णतेने चौकट पिळवटते. समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटूनपालटून काम करावे. तीन मिलिमीटरच्या नळीला अडीच मिलिमीटरची कांडी पुरते. नळीची वरची तोंडे बंद करावीत आणि खालच्या दांड्याला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके ठेवावीत.

ठिणग्या पाहायला मुले जमतात, त्यांना दूर ठेवावे. त्या प्रकाशाने रात्री डोळे जळजळू लागतात. काम करणाऱ्याने वेल्डिंगचीच काच आणि चामडी हातमोजे वापरावेत. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळीचा धूर श्वासावाटे गेल्यास थंडी वाजून ताप येतो, म्हणून सांध्यापुरता मुलामा घासून काढावा व काम उघड्यावर करावे. तेलाचा वा रसायनाचा जुना पिंप कापून त्याचा पत्रा वापरण्याचा मोह टाळावा. रिकाम्या दिसणाऱ्या पिंपातील वाफेचा स्फोट होतो. आणि यंत्राला वीज मीटरवरूनच, भूसंपर्कासह घ्यावी.

गंज व वेल्डिंगचा मळ घासून त्याच दिवशी प्राइमरचा हात द्यावा. शिशाचा अंश असलेला रंग घेऊ नये. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. गज चौकटीला मिळतात तेथील खाच रंगाने पूर्ण भरावी. खारपाण पट्ट्यात फाटक खाऱ्या पाण्याने धुऊ नये.

शाळांतून बसविली जाणारी सरकती फाटके बिजागरीच्या कटकटीतून मुक्त असतात, परंतु रुळाच्या दोन्ही टोकांना भक्कम अडथळे आणि वर आधाराचे दोन मार्गदर्शक नसतील तर ती सर्वांत घातक ठरतात. जोराने लोटलेले फाटक रुळाबाहेर जाऊन आडवे पडते. असे अडथळे नसलेले फाटक ताब्यात घेऊ नये व त्याचे देयकही मंजूर करू नये.

बिजागऱ्यांपैकी वरची आट्याच्या बोल्टची, दोन नट असलेली घ्यावी आणि तिची खिट्टी खाली तोंड करून बसवावी, म्हणजे झडप उचलून काढता येत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर, साधारण दिवाळीच्या सुमारास, खांबाला ओळंबा लावून पाहावा. झडपेचे टोक उतरलेले आढळले तर वरच्या बोल्टचा नट एक-दोन वळसे आवळून ते पुन्हा पातळीत आणता येते.