घासणाऱ्या मागच्या चाकाविषयी

चि. अनिकेत,

फोटो पोचले. मियाटा घेतलीस हे चांगलंच केलंस. 1989 साली माझ्दाने ही गाडी शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर मांडली, तेव्हापासून चार पिढ्या झाल्या, तरी इतक्या कमी पैशात असं सस्पेन्शन असणारी दुसरी गाडी तुझ्या वयाच्या मुलाला मिळणं अवघडच. तुझी दुसऱ्या पिढीतली आहे, म्हणजे चारही चाकांना दोन-दोन विशबोन. आधीच्या मालकाने बुटक्या स्प्रिंगा आणि रुंद चाकं घालून तिचं काय केलंय ते फोटोत दिसतंच आहे.

फेंडरची आतली कड ठोकून वळवू का, असं तू विचारलं आहेस. आत्ता नको. ओहायोत रस्त्यावर मीठ पडतं. कड वळवताना रंगाला चीर गेली की मीठपाणी दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरतं, आणि या गाडीचा मागच्या चाकापुढचा भाग तसाही गंजायला टपलेलाच असतो. छतावरचं पाणी ज्या वाटांनी खाली उतरतं त्या पाचोळ्याने तुंबल्या की ते दाराखालच्या पोकळीत साचतं. त्या वाटा याच रविवारी साफ कर. घासण्याशी त्याचा संबंध नाही, पण कर.

आता घासण्याकडे वळू. नुसतं 'मागून आवाज येतो' म्हणून भागत नाही. कधी येतो? रस्त्यातल्या उंचवट्यावर दोन्ही बाजूंनी येतो, की डावीकडे वळताना उजव्या मागच्या चाकाकडूनच? शेजारी कोणी बसलं की वाढतो का? सपाट रस्त्यावर, सरळ जाताना, चाकाच्या फेऱ्यांबरोबर येत असेल तर तो बहुधा सस्पेन्शनचा नाहीच. ब्रेक डिस्कमागचा पत्रा वाकला असेल किंवा बेअरिंग गेलं असेल. ठक् असा एकच आवाज म्हणजे ढिला जोड किंवा मेलेला बुश, आणि खर्र असा लांबलेला म्हणजे रबर कशाला तरी लागतंय.

मग चाक काढ आणि टॉर्च घेऊन खुणा शोध. लोखंड चमकत असेल तर घासणं कालपरवाचं, खुणेवर गंज चढला असेल तर जुनं. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर गोल रेघ असेल तर कड लागते. आतल्या भिंतीवर असेल तर वरचा आर्म, स्प्रिंगची बैठक, ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर एकेक करून बघ. नळीवर चट्टा दिसला तर ती बदलेपर्यंत गाडी हलवायची नाही. अँटिरोल बारची कडी उलटी बसवलेली असली की ती आर्मला घासते, तेही बघ. खूण सापडली नाही तर संशयाच्या जागी खडू फास आणि एक फेरी मारून ये.

खूण सापडली तरी घाई नको, कारण घासतंय ती जागा आणि चुकलंय ती जागा एकच असेल असं नाही. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोज. जमिनीपासून मोजलंस तर टायरमधल्या हवेचा फरक त्यात मिसळतो. एक बाजू खाली असेल तर आधी स्प्रिंग नीट बसली आहे का ते बघ. दोन्ही सारख्या असतील तर बंप स्टॉप बघ. स्प्रिंग बुटकी केल्यावर जागा मिळावी म्हणून लोक तो फोमचा तुकडा कापतात किंवा काढूनच टाकतात. मग चाकाला वर जाताना अडवणारं काहीच उरत नाही, आणि शेवटी फेंडर ते काम करतो.

चाकांवरचे आकडे तू पाठवलेस ते बरं झालं. मूळ चाक 6 इंच रुंद, ऑफसेट 40. तुझं 7 इंच, ऑफसेट 25. म्हणजे रुंदीमुळे प्रत्येक बाजूला 12.7 मिमी, आणि ऑफसेटमुळे 15 मिमी बाहेर. बाहेरची कड जवळजवळ 28 मिमी पुढे आली आणि आतली कडही 2 मिमी बाहेरच सरकली. फेंडरचा यात काय दोष?

कँबर (चाकाचा आतला झुकाव) वाढवून सुटेल असं तुझा मित्र म्हणतो. थोडं सुटेल. तुझ्या टायरची त्रिज्या सुमारे 29 सेंमी, म्हणजे एका अंशाला माथा 5 मिमी आत यायला हवा. पण या गाडीत मागचा कँबर खालच्या आर्मच्या आतल्या टोकाच्या दोन कॅम बोल्टांनी बदलतो. वरचा जोड जागेवरच राहतो आणि चाकाची खालची बाजू बाहेर ढकलली जाते, म्हणून माथ्याशी 5 मिमी कधीच मिळत नाहीत. शिवाय तेच दोन बोल्ट उलट दिशांना फिरले की टो, म्हणजे चाकाचं तोंड आत की बाहेर ते, बदलतो. मागची चाकं टो-आउट झाली तर ओल्या रस्त्यावर ही गाडी तुला न विचारता वळेल. ते बोल्ट मिठाने बुशच्या नळीत जाम झालेले असणार. आठवडाभर रोज गंज सोडवणारं तेल घाल, दांडा लावून जोर करू नकोस.

बुश बदललेस तर एक लक्षात ठेव: बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

खात्री करायची तर स्प्रिंग काढून, बंप स्टॉपसकट नुसता डँपर परत बसव, अँटिरोल बार सोडव, आणि चाक चढवून जॅकने हब हळूहळू वर ने. कुठे किती फट उरते ते डोळ्यांनी दिसतं. स्प्रिंग मात्र दुकानातून सोडवून आण. दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती हातपाय बघत नाही.

माझ्या मते बंप स्टॉप नवे घाल, स्प्रिंगा मूळ उंचीच्या घे आणि ही चाकं विकून टाक. पैसे वरखाली तेवढेच होतील. तुला ती चाकं आवडलीत हे मला दिसतंय, म्हणून हा निर्णय तुझ्यावर सोडते.

अलाइनमेंट झाली की कागदाचा फोटो पाठव, त्यातले मागचे दोन्ही टो मला बघायचे आहेत. आणि स्टँड न लावता, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरलास असं वहिनीच्या कानावर गेलं, तर मी तुझी बाजू घेणार नाही.

तुझी,
आत्या