टर्बो ऑटोमॅटिक गाडी गिअरला झटके मारतेय? गिअरबॉक्स खोलण्याआधीच्या पाच पायऱ्या

आजचा धडा गॅरेज सुरू करायचं मनात असलेल्यांसाठी, आणि ज्यांचं छोटं गॅरेज चालू आहे त्यांच्यासाठीसुद्धा.

आपल्या नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात बनणारी थारच घ्या. २०२० पासून ती टर्बो इंजिन आणि सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकमध्ये मिळते. अशा गाड्या वॉरंटीबाहेर गेल्या की मालक आपल्यासारख्यांकडे येतो. त्याची तक्रार साधारण अशी असते: "मुंबईहून येताना कसारा घाटात गिअर झटके मारतो, मध्येच पिकअप जातो."

इथे "गिअरबॉक्स गेला" असं सांगणं फार सोपं असतं. पण त्या एका वाक्यावर ग्राहकाचा मोठा खर्च आणि तुमच्या गॅरेजचं नाव, दोन्ही पणाला लागतं. दोष एखाद्या ढिल्या क्लॅम्पचाही असू शकतो.

आधी हे समजून घ्या

गिअर कधी आणि किती जोरात बदलायचा हे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर एकटा ठरवत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर त्याला सांगतो, "आत्ता एवढा टॉर्क येतोय." त्या हिशोबाने गिअरबॉक्स क्लचवर तेलाचा दाब ठेवतो. टर्बो गाडीत हा टॉर्क हवेच्या दाबावर, म्हणजे बूस्टवर अवलंबून असतो. बूस्ट गळत असेल तर हिशोब चुकू शकतो. मग गिअर उशिरा पडतो, झटका बसतो, किंवा चढावर गाडी दोन गिअरमध्ये वरखाली करत राहते. घाटात बूस्टची गरज जास्त, म्हणून तक्रार तिथेच जास्त येते.

पायरी १: ग्राहकाला बोलतं करा

झटका गाडी थंड असताना बसतो की गरम झाल्यावर? फक्त चढावर की द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्येही? हल्ली बॅटरी बदलली का, सर्व्हिसिंग झालं का, गाडी पाण्यातून गेली का? गिअरबॉक्सचा प्रकारही लिहून घ्या: टॉर्क कन्व्हर्टर, एएमटी, सीव्हीटी की ड्युअल क्लच. एएमटीमध्ये गिअर बदलताना थोडा हिसका जाणवतोच, तो दोष समजू नका.

पायरी २: बॅटरी आणि स्कॅनर

आधी बॅटरीचा व्होल्टेज बघा. तो कमी असला तर कॉम्प्युटर भलतेच कोड दाखवू शकतो. मग इंजिन आणि गिअरबॉक्स, दोन्हींचे कोड वाचा. पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. पी०७०० दिसला म्हणून घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की खरा कोड गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, तिथे जाऊन वाचा. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही.

पायरी ३: तेल

बऱ्याच नव्या गाड्यांना गिअर ऑइलची डिपस्टिक नसते. कंपनीने दिलेल्या तापमानालाच लेव्हल बघायची. तेल काळं पडलंय, जळका वास येतोय, त्यात धातूचे कण आहेत, तर आतले क्लच झिजल्याची शंका घ्या. टॉप-अप करायचं तर कंपनीने सांगितलेलंच तेल वापरा. सीव्हीटीचं तेल वेगळं असतं, "चालतंय" म्हणून दुसरं घालू नका.

पायरी ४: हवेचा रस्ता

टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनपर्यंतचे सगळे होज हाताने चाचपून बघा. ढिला क्लॅम्प, होजला चीर, जोडावर तेलाचा ओघळ, हे नीट शोधा. एअर फिल्टर आणि इंजिन माउंटही बघा. माउंट तुटलं असेल तर 'डी' किंवा 'आर' टाकताना धक्का बसतो, आणि दोष उगाच गिअरबॉक्सच्या माथी जातो.

पायरी ५: रोड टेस्ट

दोघांनी जायचं. एक चालवेल, दुसरा स्कॅनर बघेल. आधी थंड गाडी शहरात चालवा, मग गरम झाल्यावर महामार्गावर चढाला. बूस्ट किती मागितला, किती मिळाला, आरपीएम, गिअर आणि तेलाचं तापमान रेकॉर्ड करा. मग असं वाचा:

- झटक्याच्या आधी बूस्ट पडतोय, पण गिअर घसरत नाही: इंजिनच्या बाजूला शोधा.
- बूस्ट बरोबर आहे, पण गिअर पडल्यावर आरपीएम चढतात आणि वेग वाढत नाही: आत क्लच घसरतोय, गिअरबॉक्सकडे वळा.
- दोन्ही बरोबर, धक्का फक्त 'डी' किंवा 'आर' टाकताना: माउंट पुन्हा तपासा.
- गाडी एकाच गिअरमध्ये अडकलीय: ती लिम्प मोडमध्ये असू शकते. पुढे चालवू नका, कोडकडे परत या.

आता धंद्याचं बोलू

या तपासणीत तुमचे दोन माणसं आणि किमान दोन तास जातात. ते फुकट दिलेत तर पैसे वसूल करायला पार्ट बदलायचा मोह होणार. म्हणून तपासणीची फी ठरवा आणि गाडी आत घेण्याआधीच सांगा: "साहेब, तपासणीचे एवढे होतील. काम इथेच केलंत तर ते बिलात वजा करू." ग्राहकाच्या हातात लेखी रिपोर्ट द्या: काय तपासलं, काय सापडलं, काय ठीक आहे.

आतलं काम तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल तर रिपोर्टसकट गाडी ट्रान्समिशनवाल्याकडे पाठवा. त्यात कमीपणा नाही. योग्य ठिकाणी पाठवलेला ग्राहक पुढच्या सर्व्हिसिंगला तुमच्याकडेच येतो.

गृहपाठ: या पाच पायऱ्यांचा एक पानी फॉर्म बनवा, तुमच्या फीचा आकडा त्यावर लिहा आणि पुढच्या ऑटोमॅटिक गाडीला वापरा. फॉर्म कुठे अडतोय ते कमेंटमध्ये सांगा, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू.